रकाना नववा: सायकल आवडते का?

मी नगरपरिषदेत कारकून आहे आणि ऑफिस माझ्या घरापासून इतकं जवळ आहे की बायकोने दारातून हाक मारली तर मला टेबलावर ऐकू येते. तरी मी मोटरसायकलने जातो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी बोल लावायला नको. आणि अशा माणसाला आमच्या साहेबांनी सायकलीच्या कामावर बसवलं! मी म्हटलं, साहेब, मला सायकलवर बसून वीस वर्षं झाली. साहेब म्हणाले, बसायचं नाही, लिहायचं आहे.

काम असं होतं. आमचं तालुक्याचं गाव आणि जवळपासची दोन मोठी शहरं, अशा तिघांनी मिळून ठरवलं होतं की लोकांनी बाराही महिने पायी चालावं, सायकल चालवावी. एकट्याने केलं तर चार दिवस चालतं आणि बंद पडतं, तिघांनी केलं तर एकमेकांची लाज राहते, असं साहेबांचं म्हणणं. एका शहराने रविवारी सकाळी सायकल फेरी काढायची, दुसऱ्याने रस्त्याच्या कडेने पट्टे आखून पाणपोया बसवायच्या, आणि आम्ही खेड्यांतून आधीपासून कोण पायी येतं, कोण सायकलने येतं, त्याची नोंद करायची. बैठकीत साहेबांनी सांगितलं की परदेशात बर्फातसुद्धा लोक सायकल चालवतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या डोक्यात मात्र काही शिरेना. आमच्याकडे बर्फ कुठे आहे? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हँडलला हात लावला तर चटका बसतो. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की पलीकडचे पलीकडेच राहतात. आणि वरून जंगल. मोहर्लीला लोक पैसे भरून, जीपमध्ये बसून वाघ पाहायला जातात. आमच्या रस्त्यावर तो फुकट दिसतो आणि कोणाला पाहायचा नसतो. अशात बाराही महिने सायकल चालवणारा येडा कोण, असं मी मनात म्हटलं आणि लगेच जीभ चावली. कारण आमची बाईच चालवत होती.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या खेड्यात दिलेली. भाऊजी धानाची शेती पाहतात आणि बाई आमच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. रोज सकाळी सायकलने येणार, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत जाणार. मधे तीन-चार किलोमीटर दाट जंगल. तिच्या गावाकडून येताना ते लागायच्या आधी मोहाचं एक झाड आहे. तिथं थांबायचं आणि चार सायकली जमल्याशिवाय पुढे निघायचं नाही, हा तिथल्या बायकांचा नेम. त्याला त्या 'सोबत' म्हणतात. सोबत झाली की घंट्या वाजवत, मोठमोठ्याने बोलत जंगल पार करायचं. मधे एक उतरली तर सगळ्यांनी उतरायचं. एकटीला मागे सोडायचं नाही, मग कोणाला कितीही उशीर होवो.

दोन वर्षांपासून बाईच्या उजव्या गुडघ्याचं काही खरं नव्हतं. डॉक्टरने सांगितलं होतं, सायकल सोडा, नाहीतर एक दिवस तीच तुम्हाला सोडेल. पण सायकल सोडली तर यायचं कसं? त्या रस्त्याने बसच नाही. म्हणून उन्हाळ्यात खेड्यातल्या बायकांनी मिळून अर्ज केला होता, सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी बसची फेरी द्या. अर्ज मीच लिहून दिला, मीच डेपोत नेऊन दिला. बस आली तर बाईची नोकरी टिकत होती, नाही आली तर सुटत होती. इतकी साधी गोष्ट होती, आणि मला ती पक्की ठाऊक होती.

आता माझा शहाणपणा ऐका. नोंदीचा फॉर्म मीच टाइप केला. नाव, वय, गाव, कुठून कुठे, किती अंतर, कोणकोणते महिने, असं करत नवव्या रकान्यात होतं, 'सायकल आवडते का? होय / नाही.' दहावा रकानाही होता, 'दुसरे वाहन मिळाल्यास वापराल का?' पण दहावा घेतला की फॉर्म दुसऱ्या पानावर जायचा. कागद वाया कशाला घालवायचा म्हणून दहावा मी उडवला. साहेबांनाही एका पानाचा फॉर्म आवडला. छान सुटसुटीत झाला, म्हणाले.

दुसरा शहाणपणा त्याहून मोठा. बाईच्या गावच्या बायका रविवार सोडला तर दिवसभर घरी सापडत नाहीत, आणि माझा रविवार मला मोडायचा नव्हता. मग मी डोकं चालवलं आणि खांडेनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा असते, आणि पूजेला बसवलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. म्हणजे सायकली घरी, तर बायकाही घरी. एका दिवसात गाव उरकेल, असा माझा हिशेब. झालंही तसंच. बाईच्या अंगणात शेजारच्या पाच-सहा सायकली एका रांगेत उभ्या होत्या, धुतलेल्या, तेलपाणी केलेल्या, हँडलला झेंडूच्या माळा, हळदीकुंकू लावलेल्या. बायका नवी लुगडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या. मला चहा आला, चिवडा आला. मी फॉर्म काढला.

"बाई, सायकल आवडते का?" मी विचारलं.

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे पाहिलं. उठून सरकलेली माळ नीट केली. "आवडते ना," म्हणाली. "आवडत नाई कशी?"

मी 'होय'वर खूण केली. दुसरीला विचारलं, तीही म्हणाली, आवडते. तिसरीही तेच. एका म्हातारीने तर हँडलला हात लावून तोच हात कपाळाला लावला. "लक्ष्मी आहे आमची. तिले नाव कसं ठेवाव?" मी भराभर खुणा करत गेलो आणि वरून चिवडा खात होतो.

पूजेला बसवलेल्या वस्तूसमोर तिला वाईट बोलत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी याच दिवशी मी आईच्या शिलाई मशीनला खटारा म्हटलं होतं तर तिने पाठीत असा धपाटा घातला की चार दिवस आठवला. पण त्या दिवशी हातात फॉर्म होता. हातात फॉर्म आला की माणसाला दुसरं काही आठवत नाही, निदान मला तरी नाही. एकटीच अशी होती जिने मला तिथल्या तिथे सुनावलं असतं. बाईची मैत्रीण, दवाखान्यात आया आहे, बौद्ध घरची, तिच्याकडे ही पूजा नसते आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. पण ती आदल्या दिवशीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली. तिचा फॉर्म बाईला विचारूनच भरला. तिथेही 'होय'.

आमच्या नोंदी पाहून तिन्ही शहरांची समिती हरखून गेली. एका खेड्यातल्या सगळ्या बायका बाराही महिने सायकल चालवतात आणि सगळ्यांना आवडते! साहेबांनी मला बोलावून पाठ थोपटली. चांगला फोटो आणा म्हणाले, पोस्टर करू. मी एका सकाळी मोहाच्या झाडाजवळ जाऊन बसलो. बाई आली. झाडाखाली गुडघाभर उंच एक दगड आहे, त्याला सायकल टेकवून उभी राहिली, डावा पाय दगडावर, हात हँडलवर. मागून सकाळचं ऊन. मी म्हटलं, बाई, हास! ती हसली. फोटो असा झाला की बाई मलाच ओळखू येईना. महिनाभरात तो फोटो तिन्ही शहरांत चौकाचौकांत लागला. खाली मोठ्या अक्षरांत, मीच सुचवलेलं, 'बाराही महिने, आवडीने!' एक पोस्टर आमच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागलं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, ही माझी बहीण.

मग थंडीत चंद्रपूरला कार्यक्रम झाला. बाईला जीपमधून नेलं. स्टेजवर शाल दिली, नारळ दिला, एक हेल्मेट दिलं. हेल्मेट डोक्यावर आणि शाल खांद्यावर अशी ती उभी, आणि मी पहिल्या रांगेत. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, ताई, दोन शब्द बोला, तुम्हाला काय वाटतं? बाईने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मले बस पाहिजे," ती म्हणाली.

सगळा हॉल हसला. सूत्रसंचालक म्हणाला, बघा, ताईंचा स्वभाव किती विनोदी आहे, सायकलमुळेच हो! टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मीही टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सगळे वाजवत होते म्हणून? ती माझी बहीण म्हणून? ती काय बोलली हे त्या हॉलमध्ये एकट्या मला कळलं होतं, आणि मीच टाळ्या वाजवत होतो. येताना जीपमध्ये बाई हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती.  मी चौकाचौकांतली पोस्टरं मोजत आलो.

पंधरा दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. अर्जावर पत्ता माझ्या ऑफिसचा होता, म्हणून लिफाफा माझ्याच हातात पडला. लिहिलं होतं की तीन शहरांच्या सर्वेक्षणावरून सदर मार्गावरील रहिवासी बाराही महिने आवडीने सायकलने ये-जा करतात असे दिसून येते, सबब तूर्त बसफेरीची आवश्यकता वाटत नाही. 'आवडीने' हा शब्द माझा होता. मी वर पाहिलं तर समोर भिंतीवर बाई हसत होती. 

उठलो आणि साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, तो फॉर्म चुकला.

"कुठे चुकला?"

"नवव्या रकान्यात."

"म्हणजे तुमच्या बहिणीला सायकल आवडत नाही?"

 आवडत नाही, असं कसं म्हणू? लग्नानंतर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली वस्तू ती सायकल होती. रविवारी सुट्टी असली तरी ती सायकल पुसते. "आवडते," मी म्हणालो.

"मग चुकलं काय?" साहेब खरंच विचारत होते. माणूस वाईट नाही.  दहावा रकाना मी उडवला, हे सांगायला तोंड होत नव्हतं. मी परत येऊन टेबलाशी बसलो आणि दिवसभर एकही कागद सरकवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. मोटरसायकलवरून बाईसमोर जायची लाज वाटली, दुसरं काय? वीस वर्षांनी सायकल, त्यात अर्धा रस्ता चढाचा आणि मधलं जंगल एकट्याने, घंटा वाजवत. मोहाच्या झाडापर्यंत पोचलो तेव्हा धाप लागून जीव घशात आला होता. तिथं दोघी-तिघी आधीच थांबलेल्या होत्या. दवाखान्यातली मैत्रीणही होती. मी पत्र वाचून दाखवलं आणि माझी चूक सांगितली, फॉर्मची, खांडेनवमीची, सगळी.

मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अरे भाऊ! सुनेले सासूसमोर उभं करून इचारलं का सासू कशी आहे, तर सून काय सांगन? अन् माझाबी फॉर्म भरला? मले न इचारता? कायले शिकले तुमी येवढं?"

मी खाली मान घातली. तेवढ्यात बाई आली. तिला बातमी मैत्रिणीनेच सांगितली, दोन वाक्यांत. बाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असं आहे का?" आणि सायकल दगडाकडे नेली.

"बाई," मी चिडूनच विचारलं, कारण काही सुचेनासं झालं की मला राग येतो, "खरं सांग एकदा. तुला सायकल आवडते की नाही?"

"आवडते."

"आणि बस?"

"पाहिजे."

"अगं, दोन्ही कसं होईल?"

"काऊन नाई होत? तुले भात आवडते, म्हणून पोळी नको म्हणतं का तू?"

आणि तेव्हा मी ते पाहिलं. बाईने सायकल दगडाला अगदी चिकटवून उभी केली. डावा पाय दगडावर ठेवला, दोन्ही हातांनी हँडल दाबलं, आणि दात-ओठ खात कशीबशी सीटवर सरकली. मग दगडालाच पायाने रेटा देऊन निघाली. मैत्रिणीने मला सांगितलं, इतकं हळू की बाईला ऐकू जाऊ नये. एकदा बसली की ती पाय मारते, पण एका पायावर भार देऊन चढता येत नाही तिला. घरी ओटा आहे, वसतिगृहात पायरी आहे, आणि अख्ख्या रस्त्यात हा एकच दगड. झाडाजवळ उतरावंच लागतं, सोबतीसाठी. दोन वर्षांपासून असंच आहे. तुमाले माईत नव्हतं का?

मला माहीत नव्हतं. मी त्याच दगडावरच्या पायाचा फोटो काढला होता, हास म्हणालो होतो, आणि तो तीन शहरांत लावला होता.

त्यांनी मला मधे घेतलं, नवख्या माणसाला घेतात तसं, दोघी पुढे, दोघी मागे. घंट्या वाजवत निघालो. अर्ध्या जंगलात समोर गवे रस्ता ओलांडत होते. सगळ्यांना उतरावं लागलं, बाईलाही. गवे गेले. बाकीच्यांना बसता आलं असतं, पण तिथं दगड नव्हता, ओटा नव्हता.  सगळ्याजणी सायकली हातात धरून चालायला लागल्या, उरलेलं जंगल आणि पुढचा सगळा रस्ता. मीही चालत होतो. बाई लंगडत होती आणि मैत्रीण मुद्दाम हळू चालून मोठ्याने कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती.

गावाजवळ पोचलो तर समोरून आमच्याच मोहिमेची सायकल फेरी आली, पिवळे टी-शर्ट, नव्या कोऱ्या सायकली. त्यातल्या एकाने बाईला पोस्टरवरून ओळखलं. "अरे, या त्याच ताई! आणि बघा, सायकल असून चालतात!" सगळे थांबले, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. चांगली माणसं होती हो. एकाने तर बाईला पाणी दिलं.

ते गेल्यावर बाईने विचारलं, "भाऊ, हे टाळ्या कायले वाजवून राह्यले?"

मी हातातली सायकल पुढे ढकलली.

बाईने उन्हाळ्यापर्यंत रेटलं. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने वसतिगृह सोडलं. तिच्या जागी गावातलीच एक बाई लागली.

यंदा समितीचं दुसरं वर्ष. साहेबांनी परत फॉर्म माझ्याकडे दिला. या वेळी मी दहावा रकाना घातला, 'बस मिळाल्यास वापराल का?' फॉर्म दुसऱ्या पानावर गेला. साहेब म्हणाले, दोन पानं कशाला? मी इतक्या जोरात म्हटलं, "लागतात साहेब!" की शेजारच्या टेबलावरचे वळून पाहायला लागले. मग खांडेनवमीच्या कितीतरी आधी, साध्या रविवारी, बाईच्या गावात गेलो. सायकलींवर माळा नव्हत्या. नवव्याला काहीजणी 'होय' म्हणाल्या, काही 'नाही', मैत्रिणीने नवव्यावर माझी पुन्हा एकदा हजेरी घेतली. दहाव्याला मात्र सगळ्यांनी एकच सांगितलं, पाहिजे. मी एकेक नीट लिहून घेतलं.

शेवटी बाईकडे गेलो. ती ओट्यावर पाय लांब करून तांदूळ निवडत होती. सायकल भिंतीला टेकलेली, पुसून स्वच्छ. मी शेजारी बसलो आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवला.

"सायकल आवडते का?"

"आवडते. लिही."

मी लिहिलं. पान उलटलं. "बस मिळाली तर वापरशील का?"

बाईने तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"आता मले कायले इचारतं, भाऊ?" ती म्हणाली. "मले कुठी जायचं आहे?"